टोमॅटोंनी माणसांचा लिलाव केला

पिंपळगाव बसवंतहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी या वेळेला आपलं बोलणं कर्ज, हप्ते, शेळीपालन, गांडूळखत यांवर असतं. आज विषय वेगळा आहे. पोरांच्या चित्रांच्या गोष्टीच्या पुस्तकांविषयी बोलायचंय. त्यातही ज्या पुस्तकांत सगळं काहीच्या बाही लिहिलेलं असतं, त्यांच्याविषयी. हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका.

सुरुवात एका भांडणापासून करावी लागेल. आपल्या गटात बैठकीला उशीर झाला की दंड असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे दंडाचे ६४० रुपये साठले होते. दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघाला की या पैशांचं करायचं काय. द्राक्षबागेत थिनिंगची कामं सुरू झाली होती. बाया सकाळी जातात, दिवेलागणीला येतात. शाळा सुटल्यावर पोरं ओट्यावर बसून नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. त्यांच्यासाठी पुस्तकं घेऊ, असा ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, सह्या-अंगठे झाले. आमच्यातल्या दोघी नाशिकला जाऊन पुस्तकं घेऊन आल्या.

पुढच्या बैठकीत पिशवी उघडली आणि तोंडं वाकडी झाली. एका मावशींनी वरचंच पुस्तक उचललं. त्यात एक लांबच लांब केसांचा माणूस. त्याचा वर्षातून एकदा केस कापायचा दिवस येतो, पण गावात कुणालाच त्याचे केस कापायला वेळ नाही. शेवटी वाघाला पाहून तो इतका घाबरतो की सगळे केस आपोआप गळून पडतात. शृंगेरी श्रीनिवास असं त्याचं नाव. प्रथम बुक्सच्या पुस्तकांतून तो देशातल्या बऱ्याच भाषांत पोचलेला आहे. मावशींनी शेवटचं पान उलटून पाहिलं, पुस्तक झटकून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात बोध कुठंय?"

दुसरी म्हणाली, "दंड आम्ही भरायचा आणि आणायचं काय, तर असलं येड्यागबाळ्याचं? त्यापेक्षा पाढ्यांची, स्पेलिंगची पुस्तकं आणायची. पोरं पुढे तरी गेली असती."

खरं सांगायचं तर आमच्यापैकी काहींच्या मनातही तेच होतं. पोरांच्या शिकवणीसाठी आपण पोटाला चिमटा घेतो. अशा वेळी पुस्तकावर गेलेला रुपया नुसत्या हसण्यावर गेला असं वाटलं तर राग येणारच. तो राग खोटा नव्हता. म्हणून त्या दिवशी आम्ही वाद घातला नाही. पुस्तकं महिनाभर ठेवू, उपयोग नाही झाला तर शाळेला देऊन टाकू, असं ठरलं.

त्या महिन्यात जे कळलं ते आज सांगतोय.

पहिली गोष्ट अशी कळली की हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. या उफराट्या गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत. आठवा बघू, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी. भोपळा वाटेनं पळतो कसा, म्हातारी त्यात मावते कशी, वाघ-कोल्हे फसतात कसे, हे आपण आजीला कधी विचारलं? नवरात्रातला भोंडला घ्या. कुठे हादगा म्हणतात, खानदेशाकडे भुलाबाई. पाटावर हत्तीचं चित्र मांडून आपण फेर धरतो आणि त्यात एका वेड्या नवऱ्याचं गाणं म्हणतो. बायकोनं केलेल्या करंजीला होडी समजून तो ती पाण्यात सोडतो. अख्ख्या गल्लीच्या बाया ते गाणं म्हणताना पोट धरून हसतात, आणि त्यात बोध कुठंय असं कुणी विचारत नाही. बाळाला न्हाऊ घालताना आपण जी बडबडगीतं म्हणतो, त्यातल्या निम्म्या शब्दांना अर्थच नसतो. पण बाळ हसतं, कारण शब्द उड्या मारत येतात.

आणि कीर्तनात आपण काय ऐकतो? ज्ञानेश्वर माउलींचा एक अभंग आहे, त्यात काट्याच्या टोकावर गावं वसतात. कीर्तनकार त्याचा खोल अर्थ उलगडून सांगतात, तो आहेच. पण लहानपणी तो अभंग ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? बाभळीचा काटा आणि त्यावर बसलेलं गाव. माउलींना साधं सांगता आलं नसतं असं थोडंच आहे? उलटं सांगितलं की माणूस कान टवकारतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच माउलींचा 'अमृतानुभव' आजच्या मराठीत आणणारे विंदा करंदीकर. सिंधुदुर्गातले, इंग्रजीचे प्राध्यापक, मोठ्या माणसांसाठी जड जड कविता लिहिणारे. त्यांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पण याच विंदांनी पोरांसाठी १९६१ साली 'राणीची बाग' लिहिलं, १९६३ साली 'एटू लोकांचा देश' लिहिलं आणि १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची दुनिया'. एटू लोक कुठल्या तालुक्यात राहतात? कुठल्याच नाही. पिशीमावशीच्या दुनियेत भुतंखेतं आहेत, पण त्यांची भीती वाटायच्या ऐवजी हसू येतं. एवढा विद्वान माणूस पोरांसाठी वीस-वीस वर्षं असलं लिहीत राहिला, तर त्यात काहीतरी असलं पाहिजे, असा आम्ही विचार केला.

आणखी एक माणूस बंगालमधला. सुकुमार राय त्यांचं नाव. सिनेमावाले सत्यजित राय यांचे वडील. ते कविता स्वतः लिहायचे आणि चित्रंही स्वतः काढायचे. बदक आणि साळिंदर मिळून एकच प्राणी, असली चित्रं. 'आबोल ताबोल' हे त्यांचं पुस्तक १९२३ साली आलं. त्या वेळी ते काळ्या आजारानं अंथरुणाला खिळले होते. वय ३५. पुस्तक छापून बाहेर पडलं त्याच्या काही दिवस आधीच ते गेले. आज शंभर वर्षं झाली, बंगाली घरांत पोरं ते पुस्तक तोंडपाठ म्हणतात. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला पोरांना हसवावंसं वाटलं, हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या.

आता दुसरी गोष्ट. पोर उफराट्या गोष्टीला हसतं ते कधी? सुलटं माहीत असतं तेव्हाच. दीड-दोन वर्षांचं लेकरू बापाची चप्पल डोक्यावर ठेवतं आणि आपल्याकडे बघून खदखदा हसतं. त्याला ठाऊक असतं की चप्पल पायात घालायची असते. ठाऊक नसतं तर हसू आलंच नसतं. पुस्तकात म्हैस झाडावर बसून रवंथ करताना दिसली आणि पोर हसलं, की समजावं, म्हशीची जागा कुठली हे त्याला पक्कं कळलेलं आहे. म्हणजे हसणं हेच त्याचं उत्तर झालं, आणि परीक्षा झाली हे त्याला कळलंसुद्धा नाही. "म्हशीला चार पाय असतात" हे दहादा घोकून घेण्यापेक्षा पाच पायांची म्हैस एकदा दाखवा. पोर स्वतःच ओरडून सांगतं, "चुकलंय, चुकलंय!" आपल्या पोरांना मोठ्यांची चूक काढायची संधी एरवी कधी मिळते?

तिसरी गोष्ट चित्रांची, आणि ही आपल्या बायांच्या कामाची आहे. आमच्या गटात चार जणी अंगठा करतात. त्या पुस्तकाला हात लावायला बुजायच्या. पण या प्रकारच्या पुस्तकात निम्मी गंमत चित्रात असते आणि कधीकधी तर शब्द मुद्दाम लपवालपवी करतात. इंग्लंडच्या पॅट हचिन्स नावाच्या बाईंचं १९६८ सालचं एक पुस्तक आहे, 'रोझीज वॉक'. त्यात शब्द एवढंच सांगतात की कोंबडी फिरायला निघाली, इकडून गेली, तिकडून गेली. चित्रात मात्र पानोपानी तिच्या मागे कोल्हा आहे आणि दरवेळी त्याचीच फजिती होते. कोल्ह्याचं नावही शब्दांत कुठे येत नाही. आता सांगा, हे पुस्तक आधी कुणाला कळेल? नुसती अक्षरं वाचत सुटणाऱ्याला, की चित्राकडे टक लावून बघणाऱ्याला? हे ऐकल्यावर आम्ही आमच्याकडची पुस्तकंही तशी बघायला लागलो. अंगठा करणाऱ्या आमच्या एका आजी नातवाला मांडीवर घेऊन केसाळ श्रीनिवासाचं पुस्तक 'वाचतात'. रोज गोष्ट थोडी बदलते. एक दिवस न्हावी लग्नाला गेलेला असतो, एक दिवस त्याला ताप असतो. नातू म्हणतो, "आजी, काल असं नव्हतं." आजी म्हणतात, "काल कालचं होतं."

आणि आता चौथी गोष्ट. हिच्यासाठीच आज रेडिओवर बोलायचं ठरवलं.

आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षाच्या कामाला सुरगाणा, पेठ, कळवणकडून कुटुंबं येतात, हे तुम्ही जाणता. बागेच्या कडेला राहतात, छाटणीपासून तोडणीपर्यंत काम करतात. बरोबर पोरं असतात. घरात कोकणा बोलणारी ही पोरं इथल्या पोरांत आली की तोंड उघडत नाहीत. एखादा शब्द वेगळा निघाला की बाकीची हसतात. अशीच एक चौथीतली पोर आमच्या ओट्यावर यायची. महिना झाला तरी तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. विचारलं तर मान खाली.

एका संध्याकाळी आम्ही पोरांना म्हटलं, आपणही बदक-साळिंदरासारखे जोडप्राणी करू. दोन प्राणी घ्या, एक करा, त्याचं नाव ठेवा. मग नावं सुरू झाली. शेळी आणि मोर मिळून शेमोर. बैल आणि बेडूक मिळून बैडूक. त्या पोरीनं काहीतरी पुटपुटलं. कुणाला कळलं नाही. पण या खेळात कुणाचाच शब्द कुणाला आधीपासून माहीत नव्हता. त्यामुळे कुणी हसलं नाही, उलट सगळी म्हणाली, "काय? परत सांग." तिनं परत सांगितलं. तिच्या बोलीतला एक शब्द आणि आपला एक शब्द जोडून तिनं नाव केलं होतं. पोरांना ते फार आवडलं. चार दिवस सगळी एकमेकांना त्याच नावानं हाका मारत होती.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. पाढे असोत, शुद्धलेखन असो, तिथे बरोबर उत्तर एकच असतं आणि ते आधीपासून कुणाकडे तरी असतं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याची भाषा पुस्तकासारखी आहे, तो पोरगा पुढे असतो. एटू लोकांच्या देशात मात्र सगळीच पोरं एकाच दिवशी पोचतात. तिथे पहिला नंबर नाही आणि शेवटचा बाकही नाही. म्हणून गप्प बसणाऱ्या पोरांना बोलतं करायचं तर असल्या गोष्टींसारखं स्वस्त साधन आम्हाला तरी दुसरं दिसलेलं नाही.

पुढे पोरांनी स्वतःची पुस्तकं करायला घेतली. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, सुई-दोरा आणि रंगीत खडू. २७ फेब्रुवारीला ती सगळी दोरीवर टांगली. त्या दिवशी कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांचं प्राथमिक शिक्षण आपल्या पिंपळगावात झालं, हे आपण पोरांना अभिमानानं सांगतो. म्हटलं, ज्या गावात तो पोरगा पाटी घेऊन शाळेत गेला, त्या गावातल्या पोरांची पुस्तकं याच दिवशी लावू.

त्या पोरीनंही पुस्तक केलं होतं. चित्रं तिची, अक्षर दुसऱ्या एका मुलीचं. गोष्ट अशी. पिंपळगावच्या मार्केटात लिलाव चाललाय. पण टोमॅटो बोली लावतायत आणि जाळ्यांमध्ये माणसं भरलीयत. वीस किलोची एक जाळी. टोमॅटोंनी डोक्यावर टोप्या घातल्यात. एक टोमॅटो माणसाचं पोट दाबून बघतो आणि म्हणतो, हा कच्चा आहे. दुसरा म्हणतो, हा मुंबईला पोचेपर्यंत टिकणार नाही. एका बाईचे हात फाटलेले आहेत. टोमॅटो म्हणतो, ही डागी आहे, बाजूला काढा. मग भाव पडतो. उरलेली माणसं टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतून देतात आणि रिकाम्या जाळ्या घेऊन घरी जातात. रात्री पाऊस येतो. माणसं रुजतात. सकाळी झाडांना बारकी बारकी माणसं लागलेली असतात.

वाचून दाखवताना पहिल्या दोन पानांना सगळ्या बाया मोठ्यानं हसल्या. पोट दाबून बघणाऱ्या टोमॅटोला तर टाळ्या पडल्या. भाव पडला तिथे हसणं थांबलं. आमच्यातल्या कितीजणींनी भाडंही सुटत नाही म्हणून माल रस्त्यावर ओतलेला आहे. फाटलेले हात तर तिथे बसलेल्या बहुतेक सगळ्यांचे होते. पोरीची आई मागे दाराशी उभी होती, तिनं हात पदराखाली घेतले. मग शेवटचं पान आलं, झाडाला लागलेल्या बारक्या माणसांचं, आणि आम्ही पुन्हा हसलो. पण ते हसू वेगळं होतं.

बोध कुठंय म्हणून विचारणाऱ्या मावशी पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता हिला कुणी बोध विचारू नका." आणि पुस्तक हातात घेऊन परत पहिल्या पानापासून बघायला लागल्या.

मैत्रिणींनो, आम्ही मोठे दावे करत नाही. या पुस्तकांनी कुणाचे मार्क वाढले असं आम्ही म्हणणार नाही. पाढे पाठ करायलाच हवेत, स्पेलिंगही यायलाच हवं. ती पोर एप्रिलमध्ये टोळीबरोबर गावी परत गेली. जाताना दोन पुस्तकं मागून नेली. मागून, हे महत्त्वाचं. तोंड उघडून मागितली.

आता तुमच्या गटाला करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगतो.

पुस्तक निवडताना एक बघा, हसू कशाचं येतंय. जाड्याला, काळ्याला, तोतऱ्याला, बाईच्या जातीला हसवणारं पुस्तक असेल तर ते बाजूला ठेवा. ती टवाळी झाली. उफराटी गोष्ट जगाच्या रीतीला हसते, कुणा गरिबाला खाली पाडून हसत नाही.

वाचून झाल्यावर "यातून काय शिकलास?" असं लगेच विचारू नका. पोर पुन्हा वाच म्हणालं तर पुन्हा वाचा. विचारायचंच असेल तर "मग पुढे काय झालं असेल?" एवढंच विचारा. चित्रावर बोट ठेवून त्याला शोधू द्या.

पैसे नसतील तर अडू नका. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, मोबाइलवर उतरवूनही घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. एका मोबाइलभोवती दहा पोरं बसतात. कागदावरचं पुस्तक हातात असलं तर उत्तमच.

आणि चौथं, तुमच्या स्वतःच्या गोष्टी काढा. आजीची भोपळ्याची गोष्ट, भोंडल्याचं गाणं, उखाण्यातला आचरटपणा. आपल्यालाही लहानपणी "पोरीच्या जातीनं एवढं मोठ्यानं हसू नये" असं ऐकावं लागलं आहे. आपल्या लेकींना ते ऐकायला लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

यंदा आमच्या गटात दंडाचे ७१० रुपये जमलेत. त्यातले शंभर रुपये एकट्या त्या मावशींचे आहेत. परवाच्या बैठकीला त्या परत उशिरा आल्या, दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "घ्या. पुस्तकं मोठ्या चित्रांची आणा, मला चष्मा लागलाय."

तुमच्याकडच्या पोरांनी कुठला जोडप्राणी केला, ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार.